४८ मतांचा निकाल : मुंबई उत्तर-पश्चिम, २०२४

४ जून २०२४ रोजी गोरेगावच्या नेस्को संकुलात मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाची मोजणी झाली. मतदान यंत्रांतल्या मतांची अखेरची बेरीज अशी होती : शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि शिवसेनेचे रवींद्र वायकर ४,५१,०९४. दोघांची मिळून नऊ लाखांवर मते मोजल्यावर फरक उरला एका मताचा. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली होती. ती धरून आकडे झाले ४,५२,६४४ आणि ४,५२,५९६. वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्या लोकसभा निवडणुकीतला देशभरातला हा सर्वांत कमी फरक.

या निकालाची चर्चा बहुतेक वेळा दोन टोकांना अडकली. एका टोकाला ‘यंत्रात काहीतरी झालं’, दुसऱ्या टोकाला ‘बघा, एकेका मताची किंमत’. मतदाराच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न या दोन्हींच्या मधे आहे. मतदाराने मत द्यायचे ठरवल्यापासून ते मत अंतिम बेरजेत जाईपर्यंत किती टप्पे असतात, आणि कोणत्या टप्प्यावर ते गळू शकते? फरक लाखाचा असतो तेव्हा ही गळती कुणाच्या नजरेत येत नाही. ४८ चा असतो तेव्हा प्रत्येक टप्पा निकालाइतका मोठा होतो. म्हणून हे प्रकरण टप्प्याटप्प्याने पाहायला हवे.

४८ म्हणजे किती

या मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात : जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व. एकूण मतदार सुमारे १७ लाख ३५ हजार. २० मे २०२४ रोजी, पाचव्या टप्प्यात, मतदान झाले ५४.८४ टक्के. म्हणजे सुमारे ७ लाख ८० हजार नोंदलेल्या मतदारांचे मत पडलेच नाही. विजयी उमेदवाराला यादीतल्या दर शंभरांपैकी सव्वीस जणांनी मत दिले, हरलेल्यालाही सव्वीस जणांनीच. घरी राहिलेले पंचेचाळीस हा सर्वांत मोठा गट होता.

त्या वेळी एका मतदान केंद्रावर कमाल १,५०० मतदार ठेवण्याची मर्यादा होती. त्या हिशेबाने इथे निदान साडेअकराशे केंद्रे लागतात. ४८ ला त्यांत वाटले तर चोवीस केंद्रांमागे दोन मतेही येत नाहीत, एकच येते. शिवाय ४८ मतांचा फरक उलटवायला ४८ माणसे लागत नाहीत. ज्यांनी एकाला मत दिले त्यांतल्या २४ जणांनी दुसऱ्याला दिले असते तर बरोबरी झाली असती, २५ जणांनी दिले असते तर निकाल फिरला असता. एका मध्यम आकाराच्या इमारतीत २५ मतदार सहज निघतात.

बरोबरी झाली तर काय, हे मुंबईने पाहिलेले आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि चिठ्ठी काढून शहा विजयी ठरले. लोकसभेसाठीही लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६५ मध्ये हीच तरतूद आहे : चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याला एक जादा मत मिळाले असे धरायचे. राजस्थानात नाथद्वारा इथे २००८ च्या विधानसभा निवडणुकीत ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५ असा निकाल लागला आणि काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले. अशा घटना क्वचित घडतात. पण कोणत्या मतदारसंघात घडणार हे मतदानाच्या दिवशी कुणालाच माहीत नसते.

नोटाचा आकडाही इथे पाहण्यासारखा आहे. नोटाला, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या पर्यायाला, १५,१६१ मते पडली, म्हणजे विजयी फरकाच्या सुमारे ३१६ पट. तिसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराला १०,०५२ मते होती, म्हणजे नोटा त्याच्याही पुढे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालाने मिळालेला हा हक्क पूर्णपणे वैध आहे आणि तो वापरणाऱ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्याचा परिणाम नेमका समजून तो वापरावा. लोकसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांमध्ये जो पहिला तोच निवडून येतो. अनामत वाचण्यासाठी लागणारी एक षष्ठांश वैध मते मोजतानाही नोटा धरला जात नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला, त्यात नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक आहे. दोन्ही ठिकाणी बटण एकच आहे, परिणाम मात्र वेगळे आहेत.

यादी : गळतीची पहिली जागा

गोरेगाव ते अंधेरी हा पट्टा पुनर्विकासाचा आहे. चाळ पाडली जाते, लोक संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने वसई, विरार, मीरा रोडला जातात, तीन वर्षांची दहा वर्षे होतात. गोरेगावच्या सिद्धार्थनगरमधल्या पत्राचाळीची ६७२ कुटुंबे कित्येक वर्षे घराबाहेर होती, हे सर्वांना माहीत आहे. अशा कुटुंबाचे नाव यादीत कुठे असावे?

कायदा इथे मालकी पाहत नाही, वास्तव्य पाहतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० प्रमाणे केवळ घर मालकीचे आहे म्हणून कुणी तिथला ‘सामान्य रहिवासी’ ठरत नाही. त्याच कलमात असेही आहे की तात्पुरते बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही. पुनर्विकासातली माणसे या दोन वाक्यांच्या मधे अडकतात. जुन्या पत्त्यावर चौकशीला आलेल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला, समोर पत्र्याचे कुंपण दिसते आणि तो ‘स्थलांतरित’ लिहितो. मग नाव वगळण्याची प्रक्रिया सुरू होते, नोटीस पाडलेल्या घराच्या पत्त्यावर जाते, आणि मतदानाच्या दिवशी माणूस ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर उभा राहतो. मतदार ओळखपत्र जवळ असणे म्हणजे यादीत नाव असणे नव्हे. अनेक मते याच गैरसमजापायी बुडतात.

यावरचा उपाय ज्याला त्यालाच करावा लागतो आणि वेळेत करावा लागतो. पत्ता कायमचा बदलला असेल तर नमुना ८ भरायचा, नवे नाव नमुना ६ ने. जुन्या ठिकाणचे नाव राखून नव्या ठिकाणी नमुना ६ भरणे हा गुन्हा ठरू शकतो, कारण एकाहून अधिक ठिकाणी नोंद ठेवता येत नाही आणि अर्जातले खोटे निवेदन दंडनीय आहे. नामनिर्देशनाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. या मतदारसंघासाठी ती तारीख ३ मे २०२४ होती. पण त्या दिवशी अर्ज करून उपयोग नव्हता, कारण अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून साधारण दहा दिवस आधी अर्ज पोचलेला हवा, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. प्रचाराचा धुरळा तोवर उडालेलाही नसतो, आणि लोकांना निवडणुकीची आठवण होते ती मे महिन्यात.

परदेशात राहणाऱ्या आणि भारतीय नागरिकत्व राखलेल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट. त्यांना नमुना ६-ए भरून पासपोर्टावरच्या भारतीय पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदता येते. पण मत टपालाने देता येत नाही. मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावे लागते.

केंद्रावरचे अकरा तास

मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा, म्हणजे ६६० मिनिटे. केंद्रावर १,२०० मतदार असतील आणि एका माणसामागे पूर्ण मिनिट लागू लागले, तर दिवसभरात ६६० च लोक मत देऊ शकतात, म्हणजे ५५ टक्के. वेग ठरतो सर्वांत मंद टेबलावरून. ते बहुधा पहिले असते, यादीत नाव शोधण्याचे. मतदाराच्या हातात यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक असेल तर पंधरा सेकंद लागतात, नसेल तर दोन मिनिटेही जातात. दुसऱ्या टेबलावर नमुना १७-ए च्या नोंदवहीत सही आणि बोटाला शाई, तिसऱ्यावर कंट्रोल युनिटचे, म्हणजे यंत्राच्या अधिकाऱ्याकडच्या भागाचे, बटण. मत कुणाला पडले ते छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. तो वेळ कमी करता येत नाही आणि करूही नये.

२० मे रोजी मुंबईत अनेक ठिकाणी रांगा लांबल्याच्या तक्रारी झाल्या. उन्हात दोन तास उभे राहून परत गेलेल्या माणसाची नोंद कुठेही होत नाही. १७-ए मध्ये त्याचे नाव येत नाही, मत देण्यास नकार देणाऱ्यांतही तो येत नाही, टक्केवारीत तो ‘मतदानाला न आलेला’ ठरतो. मंद रांगेला गैरसोय म्हणून सोडून देणे मला चुकीचे वाटते. ती मताधिकारात कपात करते, आणि निवडणूक यंत्रणेने तिची मोजदाद केंद्रनिहाय आणि तासानुसार ठेवली पाहिजे. मतदाराने लक्षात ठेवायचे ते एवढेच : सहा वाजता जे रांगेत आहेत त्या सर्वांना केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या वाटतो, त्याही शेवटच्या माणसापासून सुरू करून, आणि त्या सर्वांचे मतदान पूर्ण होईपर्यंत केंद्र बंद करता येत नाही.

मतदान सुरू होण्याआधी दीड तास मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, असते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मते टाकायची, निकाल दाखवायचा, चिठ्ठ्यांशी ताडायचा, मग मते पुसून यंत्र शून्यावर आणायचे आणि चिठ्ठ्या पेटीतून काढून सीलबंद करायच्या. पहाटेच्या घाईत कधी कधी ‘क्लिअर’ दाबायचे राहते. मग यंत्रातली मते १७-ए मधल्या मतदारांपेक्षा पन्नासने जास्त भरतात. इथे विजयी फरक ४८ आहे हे लक्षात घेतले की एका केंद्राध्यक्षाच्या एका विसराचे वजन कळते. ही पन्नास मते सर्व उमेदवारांत विभागलेली असतात, त्यामुळे एकट्या अशा चुकीने निकाल फिरेलच असे नाही. पण भारत निवडणूक आयोगाचा नियम सावध आहे. असे यंत्र, तसेच ज्याची बेरीज हिशेबाशी जुळत नाही किंवा ज्याचा पडदा निकाल दाखवत नाही ते यंत्र, बाजूला ठेवायचे. सर्व फेऱ्या संपल्यावर विजयी फरक त्या बाजूच्या यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा कमी निघाला, तर तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायच्या.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतो : यादीत किती मतदार, १७-ए प्रमाणे किती आले, यंत्रात किती मते, कोणत्या कंट्रोल युनिटमध्ये, सीलचे क्रमांक काय. त्याची प्रत हजर मतदान प्रतिनिधीला देणे बंधनकारक आहे. पराभूत उमेदवाराकडे पुढे काही पुरावा असेल तर तो हाच कागद. अनेक पक्षांचे प्रतिनिधी दुपारी चारनंतर निघून जातात, त्यामुळे ही प्रत घ्यायला कुणी नसते. साडेअकराशे केंद्रांच्या मतदारसंघात सगळ्या प्रती गोळा करून एका तक्त्यात भरणे हे कंटाळवाणे काम आहे, पण ते ज्याने केले तोच मोजणीच्या टेबलावर बोलू शकतो.

दुसऱ्याने आपले मत टाकले तर

तुम्ही केंद्रावर पोचलात आणि तुमच्या नावापुढे आधीच कुणाची सही आहे. अशा वेळी बहुतेक माणसे भांडतात आणि परत जातात. निवडणूक आचारनियम, १९६१ च्या नियम ४९-पी प्रमाणे करायचे ते वेगळे. केंद्राध्यक्षाला ओळख पटवून द्यायची. ती पटली की तो यंत्रावर नव्हे तर छापील मतपत्रिकेवर मत द्यायला देतो, नमुना १७-बी मध्ये नोंद घेतो आणि ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात बंद करतो. हे प्रदत्त मत, बोलीत टेंडर व्होट.

हे मत मोजणीच्या दिवशी मोजले जात नाही. निवडणूक याचिकेत न्यायालयाने आदेश दिला तरच त्याचा विचार होतो. म्हणून केंद्रावरचे कर्मचारीही ‘काय उपयोग’ म्हणून मतदाराला घालवतात. तरीही ते मागितलेच पाहिजे, कारण तोतया मतदान झाल्याचा तो एकमेव लेखी पुरावा असतो. या प्रकरणात पुढे न्यायालयात मुख्य आक्षेप याच मुद्द्यावर घेतला गेला. खऱ्या मतदारांच्या जागी तोतयांनी टाकलेली ३३३ अवैध मते स्वीकारली गेली, असे कीर्तिकरांचे म्हणणे होते. ४८ च्या फरकासमोर ३३३ हा आकडा फार मोठा दिसतो. तो न्यायालयात का टिकला नाही, ते पुढे येईलच.

टपाली मत : सही राहिली की मत गेले

यंत्रांत कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मतांत ४९ ने मागे. निकाल टपाली मतांनी दिला, त्यामुळे त्यांच्याकडे सर्वांत बारकाईने पाहावे लागते.

टपाली मत देणारे साधारण चार गटांचे. सैन्यदलातले आणि परराज्यात नेमणूक असलेले सेवा मतदार, ज्यांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते आणि ते ती छापून, मत नोंदवून टपालाने परत पाठवतात. निवडणूक कामावरचे कर्मचारी, जे २०२३ च्या नियमबदलापासून प्रशिक्षणाच्या ठिकाणच्या सुविधा केंद्रातच मत देतात. अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी. आणि नमुना १२-डी भरून घरून मतदानाचा पर्याय घेणारे ८५ वर्षांवरील व ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेले मतदार. ही वयोमर्यादा मार्च २०२४ मध्ये ८० वरून ८५ करण्यात आली.

पाकिटांची रचना अशी. मतपत्रिका आतल्या लहान पाकिटात, म्हणजे १३-बी मध्ये. बाहेरच्या मोठ्या पाकिटात, १३-सी मध्ये, हे लहान पाकीट आणि सोबत १३-ए हे घोषणापत्र. घोषणापत्रावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक, मतदाराची सही आणि अधिकृत व्यक्तीचे साक्षांकन लागते. मोजणीच्या टेबलावर आधी मोठे पाकीट उघडतात. आत १३-ए नाही, त्यावर सही किंवा साक्षांकन नाही, किंवा त्यावरचा अनुक्रमांक लहान पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नाही, असे असेल तर लहान पाकीट न उघडताच मत बाद होते. म्हणजे आत कुणाला मत दिले आहे हे कुणीच पाहत नाही. हे सगळे बरोबर असले की मग लहान पाकीट उघडतात. आत कोणतीच खूण नसेल, दोन उमेदवारांपुढे खूण असेल, खूण कुणापुढे ते कळत नसेल, किंवा मतदार ओळखू येईल असे काही लिहिलेले असेल, तरी मत बाद. मोजणीच्या दिवशी सकाळी आठनंतर आलेली पाकिटे तर उघडलीच जात नाहीत.

नेहमी होणारी एक चूक म्हणजे १३-ए लहान पाकिटात मतपत्रिकेबरोबरच घालून चिकटवणे. मोठे पाकीट उघडल्यावर घोषणापत्र दिसत नाही आणि मत तिथेच संपते. दुसरी चूक साक्षांकनाची : सही आहे, पण साक्षांकन करणाऱ्याचे पद किंवा शिक्का नाही.

या मतदारसंघात १११ टपाली मतपत्रिका बाद ठरल्या. दोन मुख्य उमेदवारांना मिळून टपाली मते होती ३,०५१. म्हणजे त्यांच्या दर २७-२८ वैध मतांमागे एक मत पाकिटातच वाया गेले. १११ हे ४८ च्या दुपटीहून जास्त. अशा परिस्थितीसाठी आयोगाचा नियम स्पष्ट आहे : विजयी फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने प्रत्येक बाद मतपत्रिका पुन्हा तपासायची, आणि या कामाचे चित्रीकरण करायचे. त्याप्रमाणे या १११ मतपत्रिकांची फेरतपासणी झाली आणि निकाल तोच राहिला.

ही १११ माणसे मतदानाबद्दल उदासीन नव्हती. त्यांनी अर्ज केला, मतपत्रिका मिळवली, खूण केली, पाकीट दिले. त्यांतले बरेचसे सरकारी नोकर असणार, ज्यांचा रोजचा संबंध नमुन्यांशी आणि शिक्क्यांशी येतो. तरीही त्यांचे मत पोचले नाही. लोकशाहीवरच्या भाषणापेक्षा प्रशिक्षणाच्या दिवशी पाकिटे हातात देऊन दहा मिनिटांचा सराव करून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल, असे म्हणूनच ठामपणे वाटते.

मोजणीची संध्याकाळ

टपाली मतांची मोजणी सकाळी आठला सुरू होते, यंत्रांची साडेआठला. प्रत्येक फेरीत प्रत्येक विधानसभा मतदारसंघाच्या टेबलांवर यंत्रे येतात, सील आणि क्रमांक १७-सी शी ताडले जातात, आकडे त्याच नमुन्याच्या दुसऱ्या भागात लिहून प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या जातात. फेऱ्या संपल्यावर प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रे चिठ्ठी काढून निवडतात आणि तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. सहा मतदारसंघांत मिळून ही तीस केंद्रे होतात. चिठ्ठ्या आणि यंत्र यांत तफावत निघाली तर चिठ्ठ्या ग्राह्य धरल्या जातात.

यानंतरची काही मिनिटे हरणाऱ्या उमेदवारासाठी सर्वांत महत्त्वाची. निवडणूक आचारनियम, १९६१ च्या नियम ६३ नुसार एकूण बेरीज वाचून दाखवल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने थांबायचे असते. त्या वेळात उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी कारणे देऊन लेखी फेरमोजणी मागू शकतो. अधिकारी ती मान्य करेल किंवा कारणे नोंदवून फेटाळेल. एकदा नमुना २० वर, म्हणजे अंतिम निकालपत्रकावर, सही झाली आणि निकाल जाहीर झाला की त्याच्या हातात काही उरत नाही. व्हीव्हीपॅट चिठ्ठ्यांच्या जादा मोजणीचा अर्जही, नियम ५६-डी खाली, याच वेळेत लेखी द्यायचा असतो. इथे कीर्तिकरांच्या बाजूची फेरमोजणीची मागणी निकाल जाहीर झाल्यानंतर आली म्हणून मान्य झाली नाही. अटीतटीच्या मतदारसंघात अर्जाचा मसुदा आधीच टंकलिखित करून, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून, मोजणी प्रतिनिधीच्या खिशात असायला हवा. आरडाओरडा करून केलेली तोंडी मागणी नियमात बसत नाही.

मोबाइलचा वाद थोडक्यात. मोजणी केंद्रात मोबाइल वापरल्याच्या तक्रारीवरून वनराई पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, आणि ‘ओटीपीने यंत्र उघडले’ अशी बातमी पसरली. मतदान यंत्र कोणत्याही नेटवर्कला जोडलेले नसते, त्याला ओटीपी लागत नाही. ओटीपी लागतो तो मोजलेले आकडे आयोगाच्या संगणक प्रणालीत भरणाऱ्या अधिकाऱ्याच्या लॉगिनला. तांत्रिक उत्तर इथे संपते. पण जिथे मोबाइल नेण्यास बंदी आहे तिथे तो आत गेला, आणि ४८ मतांच्या निकालावर त्या एका हलगर्जीपणाची सावली पडली. बंदी पाळली गेली असती तर हा संशय उभाच राहिला नसता.

न्यायालयात

निवडणूक याचिका निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. कीर्तिकरांनी ती केली. १९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संदीप मारणे यांनी ती सुरुवातीच्या टप्प्यावरच फेटाळली, साक्षीपुरावा सुरू होण्याआधी.

कारण समजण्यासाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चे कलम १०० (१) (डी) पाहावे लागते. अवैध मते स्वीकारली गेली किंवा नियम मोडला गेला एवढे दाखवून निवडणूक रद्द होत नाही. त्यामुळे विजयी उमेदवाराच्या बाबतीत निकालावर ‘प्रत्यक्ष परिणाम’ झाला हेही दाखवावे लागते, आणि कलम ८३ प्रमाणे त्याची ठोस तथ्ये याचिकेतच मांडावी लागतात. ती याचिकेत पुरेशी नाहीत, असे न्यायालयाने ठरवले.

३३३ चे गणित करून पाहिले तर अडचण दिसते. समजा ही सर्व मते खोटी ठरली आणि सर्व या दोघांनाच पडलेली होती. निकाल उलटण्यासाठी त्यांतली किमान १९१ वायकरांना आणि उरलेली १४२ कीर्तिकरांना पडलेली असायला हवीत. असा कल अशक्य नाही. पण तो आहे हे सांगायला याचिकेत काही आधार हवा : कोणते केंद्र, यादी भाग आणि अनुक्रमांक कोणता, १७-बी मधली नोंद कोणती, त्या केंद्रावर कुणाला किती मते. हा तपशील निकालानंतर ४५ दिवसांत गोळा करायचा तर तो मतदानाच्या संध्याकाळीच केंद्राकेंद्रावर टिपलेला असावा लागतो. केंद्रावरचा प्रतिनिधी चार वाजता घरी गेला असेल तर पुढे कितीही नामांकित वकील दिला तरी ती पोकळी भरून निघत नाही.

बदललेले आणि न बदललेले

सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने टपाली मतांबाबत एक सुधारणा केली. टपाली मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. यामुळे शेवटच्या दोन फेऱ्या सुरू होताना टपाली आकडा सर्वांसमोर असेल. मतदान केंद्रांवरची कमाल मतदारसंख्याही १,५०० वरून १,२०० वर आणली आहे, त्याने रांगा काही प्रमाणात कमी व्हाव्यात.

अजून न झालेली गोष्ट म्हणजे आपोआप होणारी फेरमोजणी. आज ती उमेदवाराच्या मागणीवर आणि अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून आहे. नियम सोपा करता येईल : विजयी फरक हा बाद टपाली मते आणि प्रदत्त मते यांच्या एकत्रित संख्येपेक्षा कमी असेल, तर कुणी मागो वा न मागो, निकाल जाहीर करण्यापूर्वी सर्व केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायच्या. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये नुसत्या बाद टपाली मतांवरच ही अट पूर्ण झाली असती. साडेनऊ लाख चिठ्ठ्या मोजायला काही दिवस जादा लागले असते, आणि खासदार पाच वर्षांसाठी निवडायचा होता.